एलिमेंटरी नापास ड्रॉइंगमास्तर

सुकदेव मास्तर धरणगावच्या एका खासगी हायस्कुलात मुलांना चित्रकला शिकवत, आणि दर वर्षी त्याच मुलांबरोबर चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला बसून स्वतः नापास होत. दोन्ही कामं आपण सारख्याच निष्ठेने करतो, असं ते कुणी विचारायच्या आत सांगून टाकत. आपली फजिती दुसऱ्याने सांगितली की तिच्यात तिखट जास्त पडतं, त्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी, असा त्यांचा साधा विचार होता. त्यामुळे त्यांची जी हकीकत गावभर पसरली, ती बहुतेक त्यांनीच पसरवलेली आहे.

मास्तर शेतकऱ्याच्या घरचे. शेत थोरल्या भावाने सांभाळलं आणि धाकट्याच्या वाट्याला सातवीच्या फायनलची परीक्षा आली. ती पास होऊन ते स्कूल बोर्डाच्या प्राथमिक शाळेत लागले आणि चौदा वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेत राहिले. हात मात्र लहानपणापासून चित्राचा. पोळ्याला गावातले निम्मे बैल त्यांच्या हातून रंगून जायचे. लग्नघरी दाराशी हत्ती काढायचा झाला की मास्तरांना बोलावणं यायचं. शाळेच्या भिंतीवर त्यांनी पूर्व खानदेशचा मोठा नकाशा काढला होता. त्यात तापी काढताना त्यांना इतका आनंद झाला की नदी रुंद होत होत गेली आणि अर्धा चोपडा तालुका पाण्याखाली गेला. पण निळा रंग फार सुरेख उतरला होता, त्यामुळे चोपड्याची कुणी फारशी हळहळ केली नाही.

हा नकाशा हायस्कुलाचे हेडमास्तर भाईदास सर यांच्या पाहण्यात आला. त्यांचे चित्रकलेचे मास्तर तेव्हा नुकतेच नाशिकला निघून गेले होते. १९५१ च्या जूनमध्ये त्यांनी सुकदेव मास्तरांना हायस्कुलात घेतलं. अट एकच होती. तीन वर्षांच्या आत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा पास व्हायची. मास्तरांना ही अट वाटलीच नाही. एलिमेंटरीला बसतात कोण, तर सातवी-आठवीतली पोरं. मास्तरांनी बोर्डाची पक्की नोकरी सोडली, निरोपाचा हार गळ्यात घालून घेतला आणि छत्तिसाव्या वर्षी नवी पेन्सिल तासायला बसले.

पहिल्या वर्षी त्यांनी अकरा मुलं परीक्षेला जळगावला नेली. अकराही पास झाली, मास्तर नापास. दुसऱ्या वर्षी चौदा नेली. चौदाही पास, मास्तर पुन्हा नापास. निकाल लागला की मुलं पेढे घेऊन येत, पायाला हात लावत आणि म्हणत, "सर, तुमच्यामुळे झालो."

"बाळांनो, तुमचे सर मलाही मिळाले असते तर मीही झालो असतो," असं म्हणून मास्तर पेढा तोंडात टाकत. पोरं हसत, मास्तरही हसत. पण उरलेले पेढे ते घरी नेत नसत, वाटेतच एखाद्या पोराच्या हातावर ठेवत, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये भाईदास सरांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं आणि चहा मागवला. सर सहसा कुणाला चहा पाजत नसत, म्हणून मास्तरांनी तेव्हाच ओळखलं की बातमी बरी नाही.

"मास्तर, मी तुमच्या बाजूचा आहे," सर म्हणाले. "पण संस्थेच्या मंडळींना काय सांगू? नापास माणूस पोरांना शिकवतो, असं उद्या गावात कुणी म्हणालं तर?"

"म्हणतात की," मास्तर म्हणाले. "मीच म्हणतो."

सर हसले नाहीत. "यंदाची परीक्षा शेवटची. पास झालात तर कायम. नाही झालात तर पुढच्या जूनपासून दुसरा माणूस घ्यावा लागेल."

मास्तरांनी कप खाली ठेवला. बोर्डाची नोकरी आपल्या हाताने सोडलेली, आणि अडतिसाव्या वर्षी बोर्ड काही परत दार उघडणार नव्हतं. गावी जाऊन शेतावर राहावं, तर थोरल्या भावाशी सहा वर्षांपूर्वी एका बांधावरून जे बोलणं तुटलं होतं ते तुटलेलंच होतं. मुलगी गेल्या वर्षी लग्न होऊन शिरपूरला गेली, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. निदान तिच्यासमोर तरी घरी बसावं लागणार नव्हतं.

आता मास्तर नापास का होत, हे सांगायला हवं. हात वाईट नव्हता. रेघ सरळ यायची, रंग गोड यायचा. घोडं पेंड खायचं ते वस्तुचित्रापाशी. टेबलावर तीन-चार वस्तू मांडून ठेवलेल्या असतात आणि आपल्या जागेवरून जशा दिसतात तशा त्या काढायच्या, एवढाच तो पेपर. दुसऱ्या वर्षी परीक्षेहून परतताना जळगाव स्टेशनावर त्यांना झुलाल सर भेटले. झुलाल सर जळगावचे जुने ड्रॉइंगमास्तर, परीक्षेच्या हॉलवर देखरेखीला होते. बाकावर शेजारी बसून त्यांनी हळूच विषय काढला.

"राग येणार नसेल तर एक विचारू? टेबलावरचा कप तुमच्याकडे पाठ करून होता. मग तुमच्या कागदावर त्याला कान कुठून आला?"

"कान होता सर त्याला. आत येताना मी डोळ्यांनी पाहिला."

"पण बसल्या जागेवरून दिसत होता का?"

"दिसत नव्हता. पण कान काढला नसता तर कप फुटका वाटला असता."

झुलाल सरांनी चष्मा काढून पुसला. "बरं. कपामागे किटली होती. अर्धी झाकलेली. ती तुम्ही उचलून बाजूला ठेवलीत."

"अर्धी किटली कशी काढायची सर?" मास्तर कळवळून म्हणाले. आणि त्यांना खरंच ते जमत नव्हतं. लहानपणी आईने शिकवलं होतं की तडा गेलेली, तुटकी वस्तू देवापुढे ठेवायची नाही आणि पाहुण्यापुढेही ठेवायची नाही. मग सरकारी परीक्षकापुढे अर्धी किटली कोणत्या तोंडाने ठेवायची? त्यामुळे मास्तरांच्या चित्रात प्रत्येक वस्तू अखंड असे, शेजारणीला धक्का न लावता सुटी उभी असे, फोटो काढायला माणसं ओळीने उभी राहतात तशी. तांब्याचं तोंड ते पुरतं गोल काढत. समोरून पाहिलं तर ते लांबट, चपटं दिसतं, हे त्यांना कळत होतं. पण तांब्याचं तोंड गोल असतं, हे त्याहून जास्त कळत होतं.

"मास्तर, तुम्हाला माहीत असतं ते तुम्ही काढता," झुलाल सर त्यांना गाडीपर्यंत पोचवता पोचवता म्हणाले. "दिसतं ते काढा."

मास्तर फलाटावर उभेच राहिले. 'माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा' हे वाक्य त्यांनी स्वतःच्या वर्गातल्या फळ्यावर रंगीत खडूने लिहून ठेवलं होतं. दोन वर्षं रोज ते त्याच्याखाली उभे राहून शिकवत होते. फळ्याकडे पाठ करून, एवढंच.

तर भाईदास सरांच्या चहानंतर मास्तरांनी कंबर कसली. सकाळी उठून शंभर आडव्या रेघा, शंभर उभ्या, मग पन्नास वर्तुळं, मग पन्नास लांबट वर्तुळं. मनगट टेकवायचं नाही, हात खांद्यापासून फिरवायचा. मग माप घेण्याचा सराव. ओट्यावर बसायचं, हात ताठ पुढे धरायचा, मुठीत पेन्सिल उभी, एक डोळा मिटायचा आणि दूरच्या वस्तूची उंची पेन्सिलीवर अंगठ्याने मोजायची. समोरच्या घरी झुंबरबाई राहत. पन्नाशीची भारदस्त बाई, गल्लीत तिचा शब्द चाले. तिच्या दाराशी पाण्याचा एक फार देखणा हंडा असे. मास्तर आठ दिवस त्याचंच माप घेत होते. नवव्या दिवशी झुंबरबाई तरातरा आल्या आणि मास्तरांना ओलांडून थेट आत वच्छलाबाईंकडे, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडे गेल्या.

"वच्छला, तुन्हा मास्तरले काय व्हयनं? रोज सकायले मन्हाकडे एक डोया मिचकाडस!"

"तुम्हनाकडे नही, अक्का. तुम्हना हंडाकडे," वच्छलाबाई शांतपणे म्हणाल्या. "माले बी देखत नहीत ते. घरमातला माठले देखतस."

झुंबरबाईंना हे पटलं, की कीव आली, कळत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या हंडा घासून चकचकीत करून ठेवू लागल्या.

श्रावण लागला. परीक्षा सप्टेंबरच्या शेवटी होती. एका शनिवारी दुपारी मास्तरांनी ठरवलं की आता घरीच परीक्षेसारखी मांडणी करायची आणि ती जमेपर्यंत हलवायची नाही. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांनी चौरंग ठेवला. प्रकाश एकाच बाजूने यावा म्हणून दुसरी खिडकी लावून घेतली. मागे पडदा हवा म्हणून वच्छलाबाईंकडे कापड मागितलं. त्यांनी ट्रंकेतून आपलं लाल पातळ काढून दिलं. ते मास्तरांनी भिंतीवर चुण्या पाडून लावलं. चौरंगावर मध्ये तांब्या ठेवला. तांब्यावर नारळ, कारण शेंडीच्या छटा काढायचा सराव हवा होता. शेजारी दोन केळी. आणि कुणाचा धक्का लागून काही हललंच, तर परत त्याच जागी ठेवता यावं म्हणून प्रत्येक वस्तूच्या तळाभोवती पांढऱ्या खडूने रेघ ओढली.

"याले कोनी हात लावाना नही," त्यांनी घरात सक्त ताकीद दिली.

"मंग पानी कसामा पिवानं?" वच्छलाबाईंनी विचारलं. घरात धड तांब्या तो एकच होता.

"वाटीमा."

शनिवारी दुपारभर मास्तर काढत बसले. नारळ चांगला झाला, पण तांब्या त्याच्याखालून निसटून शेजारी येऊन उभा राहिला. कागद फाडला. दुसऱ्यावर केळी तांब्यामागून पुढे आली आणि पूर्ण लांबीची दिसू लागली. तोही फाडला. रविवारी सकाळी डोकं थंड व्हावं म्हणून ते केस कापायला न्हाव्याकडे गेले. तिथे गर्दी होती. दीड तासाने परत आले तर दारात बायकांच्या चपला, आतून गाण्याचा आवाज.

तो नागपंचमीनंतरचा रविवार होता. खानदेशात त्या दिवशी घरोघर कानबाई बसते. चौरंगावर कलश, कलशावर नारळ, त्या नारळाला डोळे, नाक, नथ. नारळ म्हणजेच देवी. मास्तरांना परीक्षेची तारीख पाठ होती, पण कानबाईचा रविवार ते साफ विसरले होते. झुंबरबाई सकाळी दळणाचं काही विचारायला आल्या, खिडकीपाशी चौरंग पाहिला, लाल पातळ पाहिलं, तांब्यावर नारळ पाहिला, भोवती पांढरी रांगोळी पाहिली, आणि त्यांनी दारातूनच हात जोडले.

"ओ माय! तुन्हा घर कानबाई बसनी आनि माले सांगं बी नही?"

मास्तर आत आले तेव्हा नारळाला चांदीचे डोळे लागले होते, नथ आली होती, हळदकुंकवाने शेंडी माखली होती, समोर समई होती आणि दहा-बारा बायका गात होत्या. एकाच बाजूने येणारा प्रकाश गेला खड्ड्यात. मास्तरांनी वच्छलाबाईंना खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं.

"हाई काय करं तुन्ही?" ते दबक्या आवाजात ओरडले. "मन्ही परीक्षा शे ना!"

वच्छलाबाई खाली बघत म्हणाल्या, "अक्कान्ही हयद-कुकू लाई दिधं. आते कशी उठाडू?"

"पन तुले माहीत व्हतं ना, हाई चित्रनं शे म्हनून?"

"व्हतं." एकदम त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सहा वरीस व्हयनात. कानबाई जेठना घर बसस. तठे आपलं जानंयेनं नही. मी काल पातळ दिधं तवयच मन्हा मनमा ऊनं. आज अक्का बोलनी, तं माले 'नही' म्हनता ऊनं नही."

भावाशी भांडण मास्तरांचं होतं, बांध त्यांचा होता. कानबाई मात्र बायकोची तुटली होती, आणि सहा वर्षांत हे त्यांच्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. "राहू दे, ऱ्हाऊ दे," असं काहीतरी अर्धं शहरी, अर्धं गावाकडचं पुटपुटून ते पुढच्या खोलीत आले आणि पार मागे, दाराच्या कोपऱ्यात जाऊन बसले.

बसल्या जागी दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. चित्राची फळी कोपऱ्यात होतीच, ती त्यांनी मांडीवर घेतली. समोर बायकांच्या पाठी, पदर, अंबाडे. झुंबरबाईंचा एक खांदा चौरंगाचा अर्धा भाग गिळून बसला होता. कानबाईचा एक डोळा दिसत होता, दुसरा कुणाच्या तरी डोक्यामागे. तांब्याचा तर फक्त काठ. मास्तरांनी आधी मान उंच करून पाहिलं, मग वाकून पाहिलं. बायकांना 'जरा सरका' म्हणायची सोय नव्हती. शेवटी नाइलाजाने त्यांनी झुंबरबाईंचा खांदा काढला, आणि खांद्याच्या वर जेवढी दिसत होती तेवढीच कानबाई काढली. पुढे डोकं, मग पदर, पदरामागे अर्धा चेहरा, त्याच्यामागे कुणाचा तरी नुसता हात. तासाभराने त्यांनी कागद लांब धरून पाहिला. सगळी माणसं एकमेकांना झाकत होती, एकही सबंध नव्हतं, आणि तरी खोली भरलेली दिसत होती. एक बाईसुद्धा फुटकी वाटत नव्हती. मास्तर कागदाकडे बघत बसले. दोन वर्षं फळ्यावर लिहिलेलं वाक्य त्यांना आत्ता कुठे वाचता आलं होतं.

सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाईला ओढ्यावर नेलं. तांब्या परत मिळाला. नारळाची चौकशी करायची मास्तरांची छाती झाली नाही. दुपारी त्यांनी वच्छलाबाईंना मोठ्या कौतुकाने चित्र दाखवलं. त्यांनी एकेक बाई बोटाने ओळखली. झुंबरबाई, तिची सून, पलीकडची मंदाबाई. मग बोट फिरत फिरत थांबलं.

"मी कोठे शे?"

"तू झुंबरबाईना मांगे व्हती. दिसनी नही."

"बठ्ठ्या शेतस," वच्छलाबाई म्हणाल्या, "मीच नही." आणि भाकरी टाकायला निघून गेल्या. मास्तरांना वाटलं, नियमाप्रमाणे चित्र बरोबर आहे. पण पुढे दोन दिवस त्यांना ते उघडून बघावंसं वाटलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मास्तर सोळा मुलं घेऊन सकाळच्या पॅसेंजरने जळगावला गेले. हॉलमध्ये उंच टेबलावर पितळी कळशी होती, एक जाड पुस्तक होतं आणि एक पेरू होता. हे मास्तरांनी जागेवर जाताना पाहिलं. जागेवर बसले आणि पाहतात तो पेरू नाही. कळशीच्या बरोबर मागे गेला होता. डावीकडे मान केली, उजवीकडे केली, नाहीच. नशिबाने त्यांची थट्टा करायची ठरवलीच होती, तर इतकी बेतून करायला नको होती.

त्यांनी कळशी काढली. तोंड लांबट, चपटं, जसं दिसलं तसं. पुस्तक काढलं, कळशीने कापलेलं. शेजारच्या बाकावरचा त्यांचाच विद्यार्थी वना हळूच म्हणाला, "सर, पेरू राहिला." सगळा हॉल तीन वस्तू काढतोय. आपल्या कागदावर दोनच. परीक्षक म्हणेल, या माणसाला मोजताही येत नाही. आणि पेरू तर आहेच तिथे, आपण पाहिलाय. त्यांचा हात आपोआप कळशीच्या बाजूला गेला आणि एक छोटा, गोल, अखंड पेरू काढून मोकळा झाला.

मग त्यांनी रबर घेतलं आणि तो पुसला. कागदाचा थोडा भुगा निघाला. समोर टेबलाकडे ते कितीतरी वेळ नुसते बघत राहिले, आणि तेव्हा त्यांना दिसलं. कळशीची सावली टेबलावर पडली होती, आणि त्या सावलीला उजवीकडे एक लहान गोल टेंगूळ होतं. कळशीला तिथे टेंगूळ नव्हतं. ती पेरूची सावली होती. मास्तरांनी ते टेंगूळ काढलं, हलक्या हाताने, काठाशी जरा फिकं. मागे पावलं थांबल्याचं त्यांना जाणवलं. झुलाल सर होते. त्यांनी कागद पाहिला, टेबल पाहिलं, मास्तरांच्या डोक्याशी डोकं आणून खाली वाकून पुन्हा टेबल पाहिलं, आणि पुढच्या बाकाकडे गेले.

निकाल डिसेंबरात आला. सोळा मुलं पास, आणि सतरावे मास्तर. तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे अगदी दाराच्या फटीतून आत, पण आत. भाईदास सरांनी कायम केल्याचा कागद हातात दिला. मुलांनी या वेळी मास्तरांकडून पेढे वसूल केले. "हायस्कुलातला सगळ्यात वयस्कर विद्यार्थी पास झाला," असं सांगत मास्तर गल्लीभर फिरले. झुंबरबाईंना हंड्याबद्दल खास दोन पेढे मिळाले.

त्याच दुपारी त्यांनी वच्छलाबाईंना उंबऱ्याशी पाट मांडून बसवलं. पुढे कुणी नाही, आडवं काही नाही, उजेड एका बाजूने.

"आज तुले काढस," ते म्हणाले. "हालू नको."

"माले भांडा घासना शेतस."

"मंग घासजो."

मास्तरांनी सगळे नियम पाळले. हात ताठ, पेन्सिल उभी, एक डोळा मिटलेला. कपाळाचं माप, नाकाचं माप, हनुवटीचं माप. वच्छलाबाईंना त्या मिटलेल्या डोळ्याचं हसू येत होतं, ते त्या ओठ दाबून धरत होत्या. आता मास्तर सरकारमान्य होते. तासाभराने त्यांनी कागद वच्छलाबाईंपुढे धरला.

वच्छलाबाईंनी मान तिरकी करून पाहिलं. "हाई कोन पोर शे?"

मास्तरांनी कागद वळवून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. समोर बसलेल्या बाईच्या कानाशी केस पांढरे झाले होते. गाल बसले होते. डोळ्यांखाली चुलीपुढची वर्षं होती. कागदावर यातलं काहीच नव्हतं. कागदावर होती ती एकोणीस वर्षांपूर्वी बैलगाडीतून उतरलेली, ओठ दाबून हसू धरणारी पोरगी. डोळ्यांसमोर बायको बसलेली असताना, माप घेऊन घेऊन, त्यांनी ती काढली होती.

"चुकनं," मास्तर म्हणाले. "माले देखता येत नही. परत नापास."

ते कागद फाडायला निघाले, तसा वच्छलाबाईंनी त्यांचा हात धरला. कागद काढून घेतला, पदराने त्यावरची धूळ झटकली आणि पुन्हा पाहिलं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्हले मी आशीच दिसस का?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"हां," ते म्हणाले. "आशीच दिसस."

वच्छलाबाईंनी कागदाची घडी केली नाही. तसाच सपाट धरून आत नेला आणि ट्रंकेत लाल पातळावर ठेवला. मग त्या भांडी घासायला बसल्या. मास्तर उंबऱ्याशीच बसून राहिले. एरवी अशा वेळी स्वतःवर काहीतरी बोलून ते मोकळे होत, पण त्या दुपारी त्यांना काहीच सुचलं नाही.